ओट्यावरची अरबी, पाटीवरची अरबी

बाईंच्या घराची बेल वाजवली की दार उघडत नसे, आतून प्रश्न यायचा. अरबीत. कधी 'कोण आहे?', कधी 'काय आणलंस?', कधी 'काल का आली नाहीस?' उत्तर अरबीतच द्यायचं आणि पूर्ण वाक्यात. बरोबर आलं की कडी निघायची. चुकलं की आत शांतता आणि बाहेर आपण, ठाण्यातल्या वर्तकनगरच्या त्या जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, चपलांच्या ढिगाशेजारी उभे.

आमच्या तुकडीत दिनेश नावाचा डोंबिवलीचा एसी मेकॅनिक होता, कुवेतला जायच्या तयारीत असलेला. तो एकदा 'मी दिनेश आहे' म्हणायच्या ऐवजी 'मी दिनेश होतो' असं म्हणाला. आतून बाई मराठीत म्हणाल्या, "होतास ना? मग आता कोण बोलतंय?" आणि गप्प. दिनेश पंधरा मिनिटं बाहेर. शेवटी समोरच्या ब्लॉकमधले आजोबा कचऱ्याचा डबा ठेवायला आले. त्यांनी दिनेशकडे एकदा बघितलं आणि दाराकडे तोंड करून स्वच्छ अरबीत सांगितलं, 'हा दिनेश आहे.' चार वर्षं रोज कानावर पडून त्यांना ते येत होतं. कडी निघाली. बाईंनी आधी आजोबांना आत बोलावलं, कॉफी दिली, आणि मग दिनेशला म्हणाल्या, "क्लासला न येता शिकले ते. तू येऊन बघ जमतंय का."

मी दिवा स्टेशनजवळ राहते आणि ठाण्यात एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. माझ्याबरोबरच्या दोघी मस्कतला गेलेल्या, मलाही जायचं होतं. कुणीतरी सांगितलं की वर्तकनगरमध्ये संस्कृतच्या एक रिटायर्ड बाई अरबी शिकवतात. मला वाटलं सांगणाऱ्याचा काहीतरी घोळ झालाय. पण घोळ नव्हता. सत्तरीच्या जवळ आलेल्या, बुटक्या, सुती साडीतल्या, गळ्यात दोरीला चष्मा लावलेल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "शाळेत संस्कृत होतं?"

मी म्हटलं, "दोन वर्षं. पण काही आठवत नाही."

"द्विवचन आठवतं?"

"रामौ," मी म्हटलं.

"पुरे. निम्मं काम झालं. दोघांसाठी वेगळं वचन संस्कृतात आहे आणि अरबीत आहे. मराठीने आळस केला."

मग त्यांनी कॉफी दिली. बोटभर कपात काळी, कडू, वेलची घातलेली, सोबत खजूर. कप रिकामा झाला की पुन्हा भरायच्या. नको म्हटलं तरी भरायच्या. तिकडच्या रीतीप्रमाणे पुरे झालं की कप हातात धरून जरासा हलवायचा असतो, हे त्या कुणालाच सांगत नसत. बघून कळलं तर कळलं. मला तिसऱ्या कपाला कळलं. दिनेशला सातव्याला. त्या दिवशी रात्रभर त्याचे डोळे टक्क उघडे होते म्हणे.

पहिला महिनाभर वही उघडायला बंदी होती. बाईंच्या फोनवर एक आवाज होता, अर्ध्या मिनिटाचा. मस्कतमधली एक बाई भाजीवाल्याला काहीतरी झाडतेय. तेवढंच रोज ऐकायचं. आधी अर्ध्या वेगाने, मग पाऊण, मग पुऱ्या. अर्थ विचारायचा नाही. पाचव्या दिवशी मी विचारला तर म्हणाल्या, "तान्ह्या बाळाला कुणी अर्थ सांगतं का? आधी कान, मग तोंड, मग डोळे. अक्कल सगळ्यात शेवटी."

महिन्याने पाटी आली. खरीखुरी लाकडी पाटी आणि बोरूची लेखणी. उजवीकडून डावीकडे अलिफ, बे, ते. आणि त्याच्याबरोबर पाठांतर, आपण शाळेत रामः रामौ रामाः म्हणायचो त्याच चालीत: कतब, कतबा, कतबू. त्याने लिहिलं, त्या दोघांनी लिहिलं, त्या सगळ्यांनी लिहिलं. ओट्याला टेकून बाई हाताने ठेका धरायच्या. खालून जाणाऱ्यांना वाटायचं वर कसला तरी पाठ चाललाय.

बाईंच्या हिशेबी अरबी दोन होत्या. एक ओट्यावरची आणि एक पाटीवरची. "नुसती पाटीवरची शिकलात तर रेडिओवर बातम्या द्याल, पण टॅक्सीवाल्याला थांब म्हणता येणार नाही," त्या म्हणायच्या. "नुसती ओट्यावरची शिकलात तर टॅक्सी थांबेल, पण सही कशावर करतोय ते कळणार नाही."

दोन्ही अरबी त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी मिळवलेल्या. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी त्या अकरा वर्षं मस्कतला होत्या. नवरा दिवसभर बंदरावर, बाई घरात. शेजारीण रोज भाजी निवडायला यायची, बाईंना तिची भाषा येत नव्हती, तिला बाईंची. ओट्यापाशी उभं राहून चमचा, मीठ, जास्त, कमी, सासू असं करत करत बाई फडाफड बोलायला लागल्या. परत आल्यावर इथल्या शाळेत संस्कृत शिकवलं. रिटायर झाल्यावर एके दिवशी जुनी खोकी आवरताना त्या शेजारणीचं एक पत्र सापडलं. आलं तेव्हा बाईंनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलेलं, आणि मग विसरून गेलेल्या. आता हातात धरून बघतात तर एक अक्षर लागेना.

"मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं," बाई मला म्हणाल्या, "आणि जिच्याशी अकरा वर्षं बोलले तिचं पत्र मला वाचता येत नव्हतं. मला माझी लाज वाटली."

दुसऱ्या दिवशी त्या कल्याणला गेल्या. तिथे एक म्हातारे मौलवीसाहेब लहान मुलांना अक्षरं शिकवायचे. त्यांनी बाईंना दारातच विचारलं, "बाय, इथे पोरं शिकतात. तुमी कोनाला घेऊन आलाव?"

"मलाच घेऊन आलेय," बाई म्हणाल्या.

मौलवीसाहेबांनी थोडा विचार केला आणि पाटी हातात दिली. सहा-सात वर्षांच्या मुलांमागे, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून अठ्ठावन्न वर्षांच्या बाई बसल्या. चुकलं की बाकीच्यांसारखं उभं राहायचं. आठ महिने ठाणे ते कल्याण जाणं-येणं. आठ महिन्यांनी त्यांनी ते पत्र वाचलं. त्यात काय होतं ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उत्तर लिहिलं. उशिरा लिहिलं, पण माझ्या हाताने लिहिलं."

म्हणून त्यांच्या शिकवण्यात कुठलीच गोष्ट जुनी आहे म्हणून टाकलेली नव्हती आणि नवी आहे म्हणून घेतलेली नव्हती. फोनवरचं भाषा शिकवायचं एक अॅप दिनेश वापरायचा. बाईंनी ते एक दिवस बघितलं आणि बंद केलं. "लबाड आहे. चुकलं तरी फुलं उधळतंय." पण त्याच फोनवर बोललेलं आपोआप टाइप होतं, ते त्यांना फार आवडलं. त्या फोन अरबीवर ठेवून आपल्या तोंडासमोर धरायच्या. आपण 'कल्ब', म्हणजे हृदय, म्हणायचो, आणि फोन 'कुत्रा' टाइप करायचा, कारण तो क घशातून काढायचा असतो आणि आपला तोंडातून निघालेला असतो. "हा परीक्षक तुमच्या घरी जेवायला येत नाही," बाई म्हणायच्या, "तेव्हा तो खरं सांगतो."

आणि मग दोरी. बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्या अक्षरं लिहिलेले पांढरे रुमाल चिमट्यांनी लावायच्या, उजवीकडून. अरबीतले बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळातून निघतात. ते तीन रुमाल कायम. मध्ये, पुढे, मागे रंगीत रुमाल घातले की शब्द बदलतो. क-त-ब वर एक रंगीत रुमाल घातला की लिहिणारा, दुसरा घातला की लिहिलेलं, तिसरा घातला की लिहायची जागा. समोरच्या इमारतीतल्या बायका बघत राहायच्या.

रुमाल लावता लावता बाई आपल्या शब्दांवर यायच्या. तक्रार, गरीब, मेहनत, सगळे तिकडून आलेले. पण येताना बदललेले. तिकडे तक्रार म्हणजे नुसतं पुन्हा पुन्हा करणं. गरीब म्हणजे परका माणूस. अशा शब्दांची त्यांच्याकडे एक वही होती. "ओळखीचा दिसतो म्हणून त्याच्यावर विसंबू नका," त्या म्हणायच्या. "तो आपल्याकडे येऊन आपल्यासारखा झालाय. तिकडचा तिकडचाच आहे."

माझं स्वतःचं पहिलं वाक्य पाण्याचं होतं. दिव्याला आमच्याकडे टँकर आला नाही, मला पाऊण तास उशीर झाला. बाई दारामागून म्हणाल्या, कारण सांग. मी बाहेर उभी राहून जुळवलं, "मा जा अल्-मा." पाणी आलं नाही. बाईंनी स्वतः दार उघडलं. "बघ," त्या म्हणाल्या, "पहिला मा नाही म्हणतो, दुसरा मा पाणी. दोन सारखे आवाज, दोन गोष्टी. हे तू आज स्वतः केलंस." त्या दिवशी माझ्या खजुरात एक जास्तीचा होता.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले.

आमच्या हॉस्पिटलात ओमानचे एक वयस्कर गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेले. बरोबर मुलगा आणि सून. सुनेला आठवा लागलेला. लवकर परत जायचं होतं, पण म्हाताऱ्याची जखम भरायला वेळ लागला आणि मुक्काम वाढला. दुभाषा होता, पण तो त्या दिवशी रजेवर. दुपारची वेळ, मुलगा औषधं आणायला खाली गेलेला. मी आतल्या खोलीत ड्रेसिंग करत होते. काउंटरवर शीतल होती, माझ्याच बॅचची, कामाला चोख.

मी बाहेर आले तर शीतल हसत म्हणाली, "अगं, ती तुझी अरबीण कधीची माफी मागतेय. मी म्हटलं हरकत नाही, हरकत नाही, बस तू. पाणी दिलं तिला."

समोरच्या बाकावर ती काळ्या बुरख्यात बसली होती. दोन्ही हात पोटावर. शांत. कुणीतरी येईल म्हणून वाट बघत असल्यासारखी.

"कसली माफी?" मी विचारलं.

"काय माहीत. त्रास दिला म्हणून असेल."

"शब्द काय होते, शीतल? जसे ऐकलेस तसे सांग."

शीतलने नक्कल केली. "माफी हरका. माफी हरका, मिनसुबा."

मला आधी काही कळलं नाही. मग एकदम बाल्कनीतली दोरी डोळ्यांसमोर आली. मंगळवारच्याच तासाला तिच्यावर ह, र, क लावलेले होते. हरका. आपली हरकत तिकडूनच आली, बाई म्हणालेल्या, पण निघताना ती आक्षेप नव्हती. हरका म्हणजे हालचाल. आणि 'माफी' हा एक शब्द नव्हताच. मा फी. नाही आहे. मिन अस्-सुब्ह. सकाळपासून.

हालचाल नाही. सकाळपासून हालचाल नाही.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. पाटीवरची, ओट्यावरची, कुठलीच अरबी धड तोंडात येईना. मी एवढंच म्हटलं, "फिल् बत्न?" पोटात?

तिने माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. "ऐवा," ती म्हणाली. हो. आणि मग पहिल्यांदा रडली.

ती रडली तेव्हा मला उरलेलंही कळलं. शीतलने 'हरकत नाही' म्हटलं तेव्हा तिला त्यात आपलाच शब्द ऐकू आला होता. तिला वाटलं, यांना कळलंय, डॉक्टरला बोलावलंय, आता बसायचं. म्हणून ती बसली. चाळीस मिनिटं.

मी प्रसूती विभागाला फोन केला, व्हीलचेअर ओढली, लिफ्ट अडवून धरली. बाळाचे ठोके मंदावलेले निघाले. तासाभरात सिझेरियन झालं. मुलगी. वजन कमी, पण रडली. दहा-बारा दिवस काचेच्या पेटीत होती, मग आईच्या कुशीत आली. शीतल त्या संध्याकाळी चेंजिंग रूममध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्या जागी मी असते आणि मंगळवारचा तास चुकवलेला असता, तर मीही हेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलेलं, शाबासकी मिळेल. दिनेशने तर टाळ्या वाजवायला हात वर केलेले. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"आई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"आणि ती तुझी मैत्रीण?"

"ती रडतेय कालपासून."

"उद्या तिला घेऊन ये. दारात तिला प्रश्न विचारणार नाही." मग म्हणाल्या, "तू चांगलं केलंस. पण ती बाई चाळीस मिनिटं बसली, हे विसरू नकोस. शब्द माहीत असणारं माणूस त्या वेळी दोन खोल्या पलीकडे होतं. सगळ्यांना यायला हवं."

शीतल आली. आजही येते.

यानंतर महिन्याभराने आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रन मॅडमनी मला विचारलं की तुमच्या बाई आमच्या नर्सेसना शिकवायला येतील का. मी आनंदाने निरोप घेऊन गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी नाही. तू शिकव."

"मी? बाई, मला पाटीवरची अजून धड येत नाही."

"पाटीवरची मी शिकवीन. ती डोळ्यांनी शिकवता येते. ओट्यावरचीला कान लागतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अरबीतले दोन ह, एक आपल्यासारखा आणि एक घशाच्या खालून काढायचा, मला वेगळे ऐकू येत नाहीत. वर्ष होत आलं. डॉक्टरला दाखवलं. कानाला मशीन लावून शब्द ऐकू येतात, पण तो फरक नाही कळत."

मला खरंच वाटेना. "मग आमच्या चुका कशा पकडत होता?"

"गळ्याकडे बघून. खालचा ह काढताना तुमच्या गळ्याची शीर हलते. दिनेशची तर चांगलीच हलते." त्या हसल्या. मग हसणं थांबवलं. "पण हे बरं नाही. परवा तू काहीतरी चुकलीस आणि मी मान डोलावली. नंतर फोनने दाखवलं. ज्याला ऐकू येत नाही त्याने आवाज शिकवू नये. मी शिकवत राहिले तर माझ्यामुळे कुणीतरी चुकीचं शिकून तिकडे जाईल."

मला वाईट वाटलं ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. बाई म्हणाल्या, "असा चेहरा करू नकोस. मला काही झालेलं नाही. कामाची वाटणी झाली."

पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्या तुकडीला हेच सांगितलं, याच शब्दांत. दिनेशचा व्हिसा तेव्हा आलेला होता, तो खास भेटायला आलेला. कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्हीच राहा ना, आम्ही सांभाळून घेऊ. बाई म्हणाल्या, "सांभाळून घ्यायला मी लोणच्याची बरणी नाही. चला, तास सुरू."

आणि त्या आपल्या खुर्चीतून उठल्या. मला तिथे बसवलं. स्वतः सतरंजीवर, शीतलच्या शेजारी, मांडी घालून बसल्या आणि वही उघडली.

मी घसा साफ केला. "मिल्ह," मी म्हटलं. मीठ. शेवटचा ह खालचा, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा.

एकेकाने म्हटलं. शीतलचं बरोबर आलं. मग बाईंची पाळी. "मिल्ह," बाई म्हणाल्या.

चुकीचं होतं. आपला, मराठीतला ह. खोलीतल्या कुणाला कळलं असेल नसेल, मला कळलं. त्यांचं स्वतःचं बोलणंही त्यांच्या कानातून निसटत चाललेलं, हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. त्या माझ्याकडे बघत होत्या, बाकीच्यांसारख्याच, वहीवर पेन्सिल टेकवून. मान डोलावणं फार सोपं होतं.

"बाई," मी म्हटलं, "परत."

दिनेशने खाली बघितलं. बाईंनी भुवया उंचावल्या, हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा म्हटलं. जवळ आलं, पण नाही आलं.

"परत. अजून खालून."

त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. मी सावकाश म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा म्हटलं. आलं. खोल, कोरडं, मस्कतच्या ओट्यावर शिकल्या होत्या तसंच असणार.

"बरोबर," मी म्हटलं, आणि पुढच्या मुलीकडे वळले.